वेंडेलचं सतरा गोळ्यांचं पिस्तूल

बेथेल चर्चच्या दारात ज्याला उभं राहायचं असेल त्याच्या पिस्तुलात किमान पंधरा गोळ्या मावल्या पाहिजेत, असा ठराव चर्चच्या सुरक्षा समितीने मंजूर केला. ठरावाआधी प्रार्थना झाली, ठरावानंतर पुन्हा झाली, आणि मधल्या वेळात सिस्टर ऑडीने (त्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांचे ब्रदर-सिस्टर) आणलेलं पीचचं गोड कॉबलर संपलं. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. टेक्सासच्या त्या कोपऱ्यात माणसं चर्चला जाताना बायबल घरी विसरतात, पण कंबर कधी रिकामी ठेवत नाहीत.

वेंडेल टीगने मात्र तो ठराव दोनदा वाचला. चर्चच्या दारात वर्षानुवर्षं तोच उभा राहत आला होता. येणाऱ्याच्या हातात त्या दिवसाच्या भजनांचा कागद द्यायचा, हात हातात घेऊन दोनदा हलवायचा, आणि ज्याची जी दुखती बाजू असेल ती विचारायची. कुणाचा गुडघा, कुणाची गाय, कुणाचा जावई. गुरांच्या पेंडीच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले बाकीचे दिवस तो फक्त रविवारपर्यंत पोचण्यासाठी काढत होता. पोरं डॅलसला गेली होती आणि तिथून फोनवर त्याला पाणी भरपूर प्यायला सांगत होती. दार गेलं की आपण उरणार ते पाणी पिण्यापुरते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच्याकडे वडिलांचं रिव्हॉल्व्हर होतं. सहा गोळ्यांचं, लाकडी मुठीचं. त्याने आजवर एक रॅटलस्नेक आणि चुकून एक पाण्याची टाकी मारली होती.

"सहा गोळ्यांचे दिवस गेले, ब्रदर वेंडेल," समितीचा प्रमुख ब्रॅडी स्टॅम्पर म्हणाला. ब्रॅडी आठवडाभर विमा विकायचा आणि रविवारी कानात वायर घालून फिरायचा. "आता सेमी-ऑटोमॅटिक लागतं. आणि दारावरच्या माणसाची गोळीबाराच्या रेंजवर परीक्षा होणार. पंधरा गोळ्या, सगळ्यांसमोर. तुम्हाला जड वाटत असेल तर सांगा, तुमच्यासाठी पुढच्या बाकावर चांगली जागा ठेवतो. गादी घालून."

ती गादी वेंडेलला फार लागली.

शनिवारी तो नेल्डाला घेऊन बंदुकांच्या दुकानात गेला. म्हणजे तो एकटाच निघाला होता, पण नेल्डा आधीच पिकअपमध्ये जाऊन बसली होती. त्यांच्या लग्नात बहुतेक गोष्टी अशाच ठरत.

दुकानदार कर्टिस काचेच्या कपाटावर कोपर टेकून उभा होता. "काय हवंय, सर? घरासाठी, सापांसाठी, का सासुरवाडीसाठी?"

"चर्चसाठी," वेंडेल म्हणाला.

"मग मोठंच घ्या," कर्टिस गंभीरपणे म्हणाला आणि खाली वाकला.

त्याने पहिलं पिस्तूल काढलं, गोळ्यांचं मॅगझीन बाहेर घेतलं, वरची स्लाइड मागे ओढून आत बोट घालून बघितलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि मूठ वेंडेलकडे करून दिलं. तान्हं मूल देताना जशी त्याची मान सांभाळतात, तसं. आता रीतीप्रमाणे वेंडेलने ती स्लाइड स्वतः पुन्हा ओढून आत बघायला हवं होतं. दुसऱ्याने दाखवलं तरी घेणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी बघायचंच. हे न करणारा माणूस त्या गावात टोपी घालून जेवायला बसणाऱ्यापेक्षाही गावंढळ समजला जातो.

वेंडेलने स्लाइडला बोटं लावली आणि ओढली. स्लाइड ढिम्म हलली नाही. त्याच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सांधे सुजलेले होते, आणि हे नेल्डा सोडून कुणालाही माहीत नव्हतं. दारात हात हलवताना कळ कोपरापर्यंत जायची. तो तेव्हा जरा जास्त हसायचा, आणि लोक म्हणायचे, वेंडेल किती प्रेमळ आहे.

"वजन छान आहे," वेंडेल म्हणाला आणि पिस्तूल उजेडात धरून न्याहाळू लागला. कर्टिस वाट बघत होता. वेंडेलने नळी न्याहाळली, मूठ न्याहाळली, खालचा नंबर वाचला. आता न्याहाळण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही.

"बघू," नेल्डा म्हणाली, "मला मेलीला यातलं काही कळत नाही." तिने पिस्तूल घेतलं, छातीजवळ आणलं, डाव्या मुठीत स्लाइड घट्ट धरली आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलली. खटॅक. तिने आत डोकावलं. "रिकामं आहे. आणि धूळ आहे."

शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर कणकेशी आणि बालदीएवढ्या डब्यांशी झुंजलेले हात होते ते. कर्टिसने वेंडेलकडे बघितलं, मग छताकडे. तो सभ्य माणूस होता.

"एक दुसरं दाखवतो," तो म्हणाला. त्याने कोपऱ्यातून एक सुबक, हलकं पिस्तूल काढलं. "याची स्प्रिंग मुद्दाम मऊ केलीय. गोळ्या पंधरा. खिशात ठेवलं तरी पँट सरकत नाही."

वेंडेलने ओढून बघितलं. स्लाइड लोण्यासारखी मागे आली. त्याचा चेहरा उजळला. नेल्डाने पर्सची चेन उघडायला घेतली.

"फार लोक नेतात हे," कर्टिस म्हणाला, आणि इथे त्याने थांबायला हवं होतं. "मागच्याच महिन्यात ब्रॅडी स्टॅम्परने त्याच्या सासूसाठी नेलं."

वेंडेलने पिस्तूल हळूच काचेवर ठेवलं. "ते मघाचं," तो म्हणाला, "त्यात किती मावतात?"

"सतरा. पण सर, ते सगळं पोलादी आहे. दिवसभर कंबरेला म्हणजे..."

"ब्रॅडीकडे किती गोळ्यांचं आहे?"

"पंधरा."

"मग सतराचं द्या."

नेल्डाने पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. भर दुकानात नवऱ्याची शोभा करायची नाही हा तिचा नियम होता. त्यासाठी पिकअप होती.

"आणि ते ओढणार कोण?" पिकअपचं दार लागल्या लागल्या तिने विचारलं.

वेंडेल समोरच्या काचेतून बघत राहिला. "तू."

"दर रविवारी?"

"चर्चमध्ये ओढायची वेळ येणार नाही. घरून निघताना एकदा ओढलीस की पहिली गोळी नळीत बसते. पुढचं सगळं ते आपोआप करतं. म्हणून तर त्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात."

"अर्धं ते करणार आणि अर्धं मी."

"सुखदुःखात साथ देईन म्हणालेलीस तू."

"त्यात स्लाइड नव्हती, वेंडेल. आणि मऊवालं काय वाईट होतं? तुझ्या हाताला अगदी बसत होतं."

"सासूचं पिस्तूल आहे ते."

"सासूकडे निदान अक्कल आहे," नेल्डा म्हणाली आणि रेडिओ लावला.

परीक्षेची युक्तीही शेवटी तिनेच काढली. परीक्षेत पंधरा गोळ्या झाडायच्या होत्या. ब्रॅडीसारख्यांच्या डोक्यात हे येणार नव्हतं, पण मोठ्या मॅगझीनचा खरा फायदा हाच होता. मध्ये मॅगझीन बदलायला नको, म्हणजे स्लाइड पुन्हा ओढायला नको. तिने मोजून पंधराच भरल्या आणि रेंजबाहेर गाडीतच स्लाइड ओढून दिली. शेवटची गोळी सुटली की स्लाइड आपोआप मागे अडकून राहते, त्यामुळे पिस्तूल रिकामं झाल्याचंही आपोआप दिसतं. वेंडेलची नजर अजून चांगली होती. पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीत बहुतेक गोळ्या बसल्या. एक कानाला लागली, तिला त्याने इशारा म्हटलं.

"मानलं, ब्रदर वेंडेल," ब्रॅडी नाइलाजाने म्हणाला. गादीचा विषय मिटला.

त्यानंतरचे रविवार वेंडेलचे फार थाटात गेले. सकाळी नेल्डा अंडी तळायची, मग हात पुसून पिस्तूल तयार करायची आणि त्याच्या कंबरेला अडकवायची, शाळेत जाणाऱ्या पोराला डबा द्यावा तशी. मग तो दारात जाऊन उभा राहायचा आणि सिस्टर ऑडीच्या गुडघ्याची चौकशी करायचा. एकच अडचण होती. पिस्तूल जड होतं आणि पँट त्याच्या बाजूने एका अंगाला खाली जायची. नेल्डा म्हणाली, पट्टे लाव खांद्याला. पट्टे म्हातारे लावतात, असं वेंडेलचं मत होतं. त्याचं वय तेव्हा एकाहत्तर होतं.

आणि शौचाला जाताना ही अडचण फारच वाढायची. चर्चच्या पुरुषांच्या बाजूला दोनच खोल्या, आणि त्यांच्यामधली फळी जमिनीपासून चांगली हातभर वर होती. पँट खाली गेली की पिस्तूलही खाली जायचं आणि फरशीवर ठण्णकन टेकायचं. पहिल्याच रविवारी फळीपलीकडून ब्रॅडीचा आवाज आला होता, "चांगलं घेतलंत हं, ब्रदर." तेव्हापासून वेंडेल आत गेला की पिस्तूल आधी काढून कागदाच्या रिळाच्या डब्यावर ठेवायचा. त्या भागातले निम्मे पुरुष हेच करतात. कबूल कुणी करत नाही.

त्या रविवारी पुरुषमंडळींचा नाश्ता होता. पावासारखी मऊ, गरम बिस्किटं, त्यावर सॉसेजची पांढरी ग्रेव्ही, वर काळी कॉफी. वेंडेलने ग्रेव्ही दोनदा घेतली. प्रार्थना सुरू व्हायच्या तोंडावर ग्रेव्हीने आपला हक्क सांगितला. तो घाईघाईने आत गेला, आणि बसला असतानाच बाहेर ऑर्गन सुरू झाला. पहिल्या भजनाला दारावरचा माणूस दारात हवाच. त्याने गडबडीने आवरलं, हात धुतले आणि दारात येऊन उभा राहिला. अंग कसं हलकं वाटत होतं. त्याला वाटलं, पोट साफ झालं.

त्याच्यामागून त्या खोलीत हॉलिस क्रेन गेला होता. हॉलिस ऐंशीच्या पुढचा, एके काळचा गुरांचा डॉक्टर. तालुक्यातल्या अर्ध्या गाई त्याच्या हातांनी व्यालेल्या. बायको गेली आणि मग हळूहळू डोक्यातलंही एकेक जात चाललं होतं. मुलगी त्याला गाडीतून दारात सोडायची, वेंडेल हात हलवायचा, आणि हॉलिस आत जायचा.

भजनाचं दुसरं कडवं चालू असताना हॉलिस मधल्या वाटेने चालत पुढे आला. त्याच्या उजव्या हातात सतरा गोळ्यांचं पोलादी पिस्तूल होतं, बोट चापावर होतं, आणि तो प्रत्येक बाकापाशी थांबून ते त्या त्या माणसापुढे धरत होता.

"तुमचं का हे?" तो अदबीने विचारत होता. "कागदाच्या डब्यावर राहिलं होतं. तुमचं का?"

आधी ऑर्गन थांबला. मग भजन थांबलं, बाकामागून बाक. चर्चमधल्या झाडून सगळ्या पुरुषांचे हात एकदम कंबरेला गेले. मारायला नव्हे, आपलं आहे ना हे चाचपायला. पास्टर लायल यांचा हात कोटाखाली गेला. सिस्टर ऑडीचा हात झग्याच्या गळ्यात गेला. प्रत्येकाला आपापलं सापडलं आणि प्रत्येकाने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग प्रत्येकाच्या लक्षात आलं की सुटका वगैरे काही झालेली नाही. हॉलिस आता गायकवृंदाला विचारत होता. गायकवृंद कठड्यामागे आडवा झाला, आणि त्यात सगळ्यात चपळ पुरुषच निघाले.

ब्रॅडी मनगटाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत होता. त्याने कवायती खूप घेतल्या होत्या. पण कवायतीत धोका नेहमी लांब कोट घालून दारातून आत यायचा. संडासातून बाहेर येणारा, ब्रॅडीच्याच आज्याच्या गाईचं बाळंतपण केलेला हॉलिस क्रेन कुठल्याच कवायतीत नव्हता. त्याच्यावर कुणी काय रोखणार. आणि त्याच्या अंगावर धावून जावं, तर ते बोट चापावर होतं.

वेंडेलचा हातही कंबरेला गेला होता. तिथे नुसतं चामडं लागलं. पुढच्या बाकांवर पोरंबाळं होती, मधल्या बाकावर नेल्डा होती, आणि नळीत पहिली गोळी तिने स्वतः सकाळी बसवून दिलेली होती. नेल्डा मान वळवून थेट त्याच्याकडेच बघत होती. तिने कंबर वगैरे चाचपायची तसदी घेतली नाही.

तो चालू लागला. काय करायचं याचा त्याने विचार केला असं नंतर लोक सांगत, पण ते खरं नाही. त्याला एकच काम येत होतं. मधल्या वाटेने तो नेहमीच्या चालीने गेला, हॉलिसच्या समोर उभा राहिला, हसला आणि उजवा हात पुढे केला.

"गुड मॉर्निंग, ब्रदर हॉलिस. कसं काय?"

हॉलिसने त्या हाताकडे बघितलं. डोक्यातून बरंच पुसलं गेलं असलं तरी पुढे आलेला हात न घेण्याइतका तो बदललेला नव्हता. त्याने चटकन पिस्तूल डाव्या हातात घेतलं, नळीला धरून, आणि उजव्या हाताने वेंडेलचा हात दोनदा कचकचून हलवला. अंगठ्यातून निघालेली कळ वेंडेलच्या डोळ्यांतून बाहेर आली.

"ठीक आहे आपलं," हॉलिस म्हणाला. "हे कुणाचं तरी राहिलंय."

"द्या इकडे. मी बघतो."

पिस्तूल वेंडेलकडे आलं. त्याने ते जमिनीकडे धरलं आणि मॅगझीन काढलं. बाकांखालून डोकी वर येऊ लागली.

"नळी रिकामी करा, ब्रदर," ब्रॅडी धावत येत म्हणाला. "सगळ्यांना दाखवा."

वेंडेलने स्लाइडला बोटं लावली. ओढली. पुन्हा ओढली. चर्चमध्ये इतकी शांतता होती की त्याच्या बोटांचं घसरणं ऐकू येत होतं. मग नेल्डाच्या बुटांचा आवाज आला. तिने पिस्तूल त्याच्या हातातून घेतलं, छातीजवळ आणलं, मूठ पुढे ढकलली. खटॅक. गोळी फरशीवर पडून सिस्टर ऑडीच्या बाकाखाली घरंगळत गेली. नेल्डाने आत बघितलं, ब्रॅडीला दाखवलं आणि पिस्तूल पर्समध्ये टाकलं.

"ब्रदर वेंडेल," ब्रॅडी कानातली वायर काढत म्हणाला, "आज तुमच्यामुळे वाचलो आम्ही. देवाशप्पथ. आता कुणाचं आहे ते मी शोधून काढतो."

शोधायची गरज होती असं नाही, रिकामं चामडं एकाच कंबरेला होतं. पण वेंडेल गप्प राहिला असता, तर ब्रॅडी त्या क्षणी वाटेल ते खरं मानायला तयार होता. लोक आधीच डोळे पुसत होते. दार त्याचंच राहिलं असतं, मरेपर्यंत. वेंडेलला ते दार तेव्हा फार हवंसं वाटलं.

"माझंच आहे," तो म्हणाला. मागपर्यंत ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाला, "माझं आहे ते. मीच आत विसरलो. स्लाइड मला ओढता येत नाही, दर रविवारी नेल्डाच भरून देते. पुढच्या रविवारपासून दारावर दुसरा माणूस बघ, ब्रॅडी."

नेल्डाने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि आपल्या जागी गेली. अशा वेळी काय करायचं हे पास्टर लायल यांनाही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तिसरं कडवं सुरू केलं. गायकवृंद झगे झटकत उभा राहिला.

वेंडेल मागे वळला आणि थबकला. बसायचं कुठे, हेच त्याला कळेना. इतक्या वर्षांत तो या चर्चमध्ये कधी बसलाच नव्हता. भजन संपेपर्यंत दारात, नंतर भिंतीला टेकून. नेल्डाच्या बाकावर तिच्या मैत्रिणी खेटून बसलेल्या होत्या. सगळ्यांचे गुडघे, गाई, जावई त्याला पाठ होते, आणि कोण कुठे बसतं याचा पत्ता नव्हता.

शेवटच्या बाकावर हॉलिस एव्हाना आपल्या जागी जाऊन एकटा बसला होता. पूर्ण बाक रिकामा, त्याच्यावर हॉलिसची टोपी आणि हॉलिस. दर रविवारी आपण याचा हात हलवून याला आत धाडत होतो ते इथे, एकटं बसायला, हे वेंडेलला पहिल्यांदा दिसलं, आणि पिस्तूल विसरल्याची लाजही त्यापुढे कमी वाटली.

हॉलिसने टोपी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी थोपटलं. वेंडेल बसला. हॉलिसने भजनाचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं, पान चुकीचं होतं.

"नवीन आहात का?" तो हळूच म्हणाला. "नाव काय आपलं?"

"वेंडेल."

"अरे वा. दारावर पण एक वेंडेल असतो आमच्याकडे. फार भला माणूस." हॉलिस आणखी जवळ सरकला आणि त्याच्या कानाशी लागला. "जाताना त्याला एवढं सांगाल का? आत संडासात कुणीतरी पिस्तूल विसरून गेलंय. पोरंबिरं जातात तिथे. त्याला सांगा, तो नीट बघेल. त्याच्या लक्षात सगळं असतं."

वेंडेलला पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी झाली.

"सांगतो," तो म्हणाला.